गेम लावून घरी योगासनं: आधी जमीन, मग आसन, शेवटी स्क्रीन

गणपतीला आलेला भाचा परत मुंबईला जाताना जुना गेम कन्सोल गावच्या घरी ठेवून जातो, नाहीतर आखातातून आलेल्या भावाच्या बॅगेतून एखादा बाहेर पडतो. चार दिवस मुलं त्यावर धुडगूस घालतात. मग मोठी माणसं त्यातला योगाचा भाग लावून बघतात. टीव्हीवर शाबासकी उमटते, गुण भराभर चढतात आणि पंधरवड्यात कुणाचा गुडघा धरतो, कुणाची कंबर. तक्रार मात्र सगळ्यांची एकच: "गेम तर बरोबर म्हणत होता."

गेम खोटं बोलत नव्हता. त्याला जेवढं दिसत होतं तेवढं बरोबरच होतं, पण त्याला दिसतं फार थोडं. कन्सोल जोडायचा, समोर उभं राहायचं आणि पडद्यावरचा माणूस करतो तसं करत सुटायचं, हा क्रमच उलटा आहे. सुलटा क्रम पुढे दिला आहे. पहिल्या पाच टप्प्यांत टीव्ही फारसा लागणारच नाही.

आधी हे वाचा: गरोदर बाई, नुकतंच ऑपरेशन झालेला माणूस, स्लिप डिस्क, मानेचं दुखणं, काचबिंदू किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असलेली माणसं यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. विचारताना "गेम खेळू का" असं विचारू नका, डॉक्टर हसून "खेळा" म्हणतील. कोणकोणती आसनं करणार ते सांगा.

## टप्पा १ : तुमचं यंत्र नेमकं काय बघतं ते ओळखा

निन्टेंडो स्विच या कन्सोलवरचा 'रिंग फिट ॲडव्हेंचर' २०१९ मध्ये आला. यात एक जॉय-कॉन (स्विचचा हातात धरायचा छोटा कंट्रोलर) हातात धरायच्या लवचीक रिंगमध्ये बसतो, दुसरा डाव्या मांडीच्या पट्ट्यात. कल आणि हालचाल कळणारे सेन्सर या दोघांत असतात, शिवाय रिंग किती दाबली किंवा ताणली ते कळतं. म्हणजे तुमची डावी मांडी आणि तुमचे हात एवढंच या गेमला ठाऊक. उजवा गुडघा आत वळला, टाच उचलली गेली, पाठीला पोक आलं, यातलं काही त्याच्यापर्यंत पोचत नाही.

'वी फिट' हा निन्टेंडोच्याच जुन्या 'वी' कन्सोलवरचा गेम, २००७ च्या अखेरीला जपानमध्ये आला. त्याच्या बॅलन्स बोर्डच्या, म्हणजे वर उभं राहायच्या फळीच्या, चार कोपऱ्यांत वजन मोजणारे चार सेन्सर असतात. त्यांवरून शरीराच्या वजनाचा मध्य काढून पडद्यावर लाल ठिपका दाखवला जातो. ठिपका वर्तुळात राहिला की गुण मिळतात. श्वास रोखून, खांदे कानाला चिकटवून ताठ उभं राहिलं तरी ठिपका मस्त मध्यावर असतो.

एक्सबॉक्स कन्सोलला जोडायचा किनेक्ट २०१० चा. तो अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्याने अख्खं शरीर बघतो, म्हणून लोकांचा त्याच्यावर जास्त विश्वास. पण एका अवयवाआड दुसरा गेला की तो अंदाज बांधतो. जमिनीवर आडवं झालात तर त्याचा गोंधळ उडतो. गाऊन किंवा लुंगी असेल तर आतला गुडघा त्याला सापडतच नाही.

मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चालणारी ॲप बहुतेक वेळा सपाट चित्रावरून काम करतात. समोरून बघताना कमरेतून किती वाकलात हे सपाट चित्रात धड कळत नाही.

तपासा: पहिल्या दिवशी आसन मुद्दाम चुकवा. रिंग फिटमध्ये पट्टा लावून खुर्चीवर बसा आणि नुसती मांडी हलवून बघा. बोर्डवर पोक काढून उभे राहा. गेम कुठे फसतो ते एकदा डोळ्यांनी पाहिलंत की पुढे गुणांकडे बघून हुरळून जाणार नाही. मुलांना हे काम द्या. गेमला फसवणं त्यांच्याइतकं कुणाला जमत नाही.

## टप्पा २ : वीज आणि तारा

कन्सोल कुठून आलाय ते आधी बघा. स्विचचा ॲडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, चिंता नाही. जुन्या वीचं तसं नाही. जपानचा ॲडॅप्टर १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेचा १२० चा. आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात तो खोचलात तर धूरच निघेल. ॲडॅप्टरवर बारीक अक्षरात 'इनपुट' लिहिलेलं असतं, ते बॅटरी मारून वाचा. दुबईहून आणलेल्या वस्तूला व्होल्टेजचा प्रश्न नसतो, फक्त तिची चौकोनी पिनांची प्लग आपल्याकडे बसत नाही.

वीला एचडीएमआय, म्हणजे नव्या टीव्हीला एकाच तारेने जोडायची सोय, नाही. नवा टीव्ही घेतला असेल तर त्याला लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारांची जागा आहे का ते बघा, कधीकधी त्यासाठी वेगळी छोटी वायर लागते. वीच्या डिस्क विभागाप्रमाणे बांधलेल्या असतात. जपानी कन्सोलवर युरोपातली डिस्क चालत नाही. स्विचच्या गेमला ही अडचण नाही.

इशारा: मे अखेरीला वळीव यायला लागला आणि पुन्हा परतीच्या पावसात, ढग गडगडायला लागले की प्लग काढून ठेवा, डिशची किंवा केबलची तारही. आणि सराव चालू असताना लाईट गेली तर? घाईने आसन मोडून काळोखात विजेची बटणं शोधत जाऊ नका. जागच्या जागी सावकाश खाली या, बसा. पावसाळ्यात आपल्याकडे हे आठवड्यातून एकदा तरी होणार हे धरूनच तारा भिंतीकडेने सोडा, पायात येऊ देऊ नका.

## टप्पा ३ : जागा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि गेमच्या माहितीपत्रकावर इथे भागत नाही. ते लिहिणाऱ्याने कौलारू घर बघितलेलं नसतं.

डोक्यावर बघा. जुन्या घरात ओटीवर नाहीतर माजघरात तुळया खाली असतात, स्लॅबच्या घरात पंखा. हात वर करून चवड्यांवर उभे राहा. हातात रिंग असेल तर आणखी फूटभर उंची धरा. तुळईला रिंग आपटली तर रिंग फुटेल, पंख्याला आपटली तर बोटं जातील. पंखा बंद ठेवून टेबल फॅन बाजूला लावा.

बाजूला बघा. दोन्ही हात पसरून जागच्या जागी गोल फिरा. मग एक पाय मागे लांब टाका. कपाट, देव्हारा, पलंगाची कड, काही लागत नाही ना? किनेक्टला माणूस साधारण सहा फूट लांब हवा, मधली जमीन मोकळी हवी.

उजेड बघा. कॅमेऱ्यावर चालणारं काही असेल तर तुमच्या पाठीमागे उघडं दार नको. पडवीतून येणाऱ्या सकाळच्या उन्हात तुम्ही कॅमेऱ्याला नुसती सावली दिसता. किनेक्ट अवरक्त किरणांवर चालतो, त्याला थेट ऊन मुळीच मानवत नाही.

आता जमीन. शेणाने सारवलेली जमीन मऊ वाटते, पण तिला चढउतार असतात. जांभ्याच्या खळ्यात तर विचारायलाच नको. कोबा बरा. लादी सपाट असते, पण जून ते सप्टेंबर तिला ओल सुटते आणि अनवाणी पाय घसरतो. म्हणून सराव लादीवर करणार असाल तर पावसाळ्यात आधी कोरड्या फडक्याने पुसा, पाच मिनिटं पंखा सोडा, मग मॅट घाला. मॅटची खालची बाजूही पुसा, ओल तिथेच धरते.

मॅट ४ ते ६ मिलिमीटर जाडीची पुरे. त्याहून जाड, गुबगुबीत मॅटवर एका पायावर उभं राहिलं की घोटा डुगडुगतो. गोधडी, गादी, प्लास्टिकची चटई नको. चटई लादीवर सरकते हे सगळ्यांना माहीत असतं, तरी निम्म्या घरांत चटईच घातलेली असते.

बॅलन्स बोर्ड मॅटवर ठेवायचा नाही, थेट कडक जमिनीवर ठेवायचा. नाचता येईना अंगण वाकडं असं आपण म्हणतो, पण इथे अंगण खरंच वाकडं असू शकतं. जमीन कललेली असेल तर बोर्ड चुकीचा मध्य दाखवतो आणि तुम्ही उगाच एका पायावर भार देत राहता.

तपासा: बोर्डच्या जागी गोटी ठेवा. घरंगळली तर जागा बदला. मॅटवर उभं राहून पायाने मॅट पुढे ढकला. सरकली तर त्या जमिनीवर त्या मॅटने सराव करायचा नाही.

## टप्पा ४ : पोट, वेळ, कपडे

भरपेट जेवणानंतर तीन तास जाऊ द्या. रविवारी माशाचं जेवण झाल्यावर चारला मुलं गेम लावतात आणि आत्या त्यांच्याबरोबर वाकते, मग आंबट ढेकर येतात. दोष ढेकरांचा नाही. सकाळी पेज किंवा घावणे खाण्याआधी करणं सर्वांत सोपं. एप्रिल-मेमध्ये तर सातच्या आत आटपा, त्यानंतर घामाने हात रिंगवरून निसटतात.

अंगाला बसणारी ट्रॅक पँट किंवा सलवार घाला. पाय अनवाणी. मोजे नकोत.

## टप्पा ५ : टीव्ही बंद ठेवून आसन शिका

हा टप्पा वगळला जातो आणि दुखणी इथूनच लागतात. गेमच्या यादीतली इंग्रजी नावं बिचकवतात, पण आसनं ओळखीची आहेत. चेअर पोज म्हणजे उत्कटासन, ट्री पोज म्हणजे वृक्षासन, वॉरियर म्हणजे वीरभद्रासन, कोब्रा म्हणजे भुजंगासन, ब्रिज म्हणजे सेतुबंधासन, शोल्डर स्टँड म्हणजे सर्वांगासन. घरातल्या इंग्रजी वाचणाऱ्याकडून ही नावं मराठीत कागदावर लिहून घ्या आणि कागद टीव्हीखाली चिकटवा.

आता मोबाईल एका डब्याला टेकवून गुडघ्याच्या उंचीवर, तुमच्या बाजूला ठेवा आणि व्हिडिओ सुरू करा. समोर नव्हे. जे गेमला दिसत नाही ते बाजूनेच दिसतं. घरात कुणी रिकामं असेल तर त्यालाच बाजूला स्टुलावर बसवा, पण त्याला नेमकं काय बघायचं ते सांगून ठेवा.

उत्कटासन. मागे खुर्ची आहे असं समजून कुल्ले मागे न्या. टाचा जमिनीवर, भार टाचांकडे. खाली बघितल्यावर पायाची बोटं दिसली पाहिजेत. रिंग फिटमध्ये मांडी आडवी झाली की गेम खूश होतो. ती मांडी टाच उचलून आडवी केली आहे का, हे त्याला कळत नाही आणि सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो.

वीरभद्रासन. पुढचा गुडघा घोट्याच्या बरोबर वर, त्याचं तोंड पायाच्या मधल्या बोटांकडे. तो आत अंगठ्याकडे पडतो, विशेषतः बायकांचा आणि विशेषतः दमल्यावर. मागच्या पायाची बाहेरची कड जमिनीला चिकटलेली हवी. पट्टा डाव्या मांडीला असल्यामुळे डावा पाय पुढे असताना माणूस सावध असतो, उजव्या बाजूला ढिला पडतो. उजवी बाजू मुद्दाम दोनदा तपासा.

वृक्षासन. उचललेल्या पायाचा तळवा मांडीला आतून लावा, नाहीतर पोटरीला. गुडघ्याला बाजूने कधीही नाही. पहिले काही दिवस भिंतीपासून वीतभर अंतरावर उभे राहा. नजर समोरच्या एका न हलणाऱ्या ठिकाणी हवी, आणि टीव्ही नेमका हलतच असतो. लाल ठिपक्याचा पाठलाग करताना घोटा अधिकच थरथरतो. आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून तोल जमवा.

पुढे वाकणं. कमरेच्या खोबणीतून वाका, पाठ गोल करून नाही. गुडघे किंचित सैल ठेवा. जमिनीला हात लागलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही.

भुजंगासन. कोपर थोडे वाकलेले, बेंबी जमिनीला टेकलेली, खांदे कानांपासून लांब. गेम उंची मागत असेल तर मागू दे.

पीळ देणारी आसनं. इथे गेमची रचनाच घात करते. धड एकीकडे वळतं आणि टीव्ही बघायला मान दुसरीकडे. मान धडाच्या मागोमाग गेली पाहिजे, सर्वांत शेवटी. टीव्ही दिसेनासा झाला तर दिसेनासा होऊ द्या.

इशारा: 'वी फिट'मध्ये सर्वांगासन आहे. ते गेमच्या भरवशावर करू नका. मान जमिनीला, पाय वर, टीव्ही दिसत नाही, आणि चुकलं तर सांगणारं कुणी नाही. हे जाणत्या शिक्षकासमोर शिकायचं आसन आहे. यादीत दिसलं की पुढे जा.

तपासा: प्रत्येक आसनात पाच सावकाश श्वास, तोंड मिटून, घेता आले का? श्वास अडकला तर आसन खोल गेलंय. थोडं वर या. व्हिडिओ बघून दोन्ही बाजू सारख्या दिसेपर्यंत टीव्ही लावू नका. कुणाला चार दिवस लागतील, कुणाला महिना.

## टप्पा ६ : पट्टा आणि कॅलिब्रेशन

मांडीचा पट्टा जांघेच्या जवळ, मांडीच्या पुढच्या बाजूला बांधा. एक बोट आत जाईल इतका घट्ट. सुळसुळीत कापडावर तो घसरत गुडघ्यापर्यंत येतो, मग गेम म्हणतो मांडी खाली गेली नाही, आणि तुम्ही आणखी खाली बसता. निम्म्या गुडघेदुखीचं मूळ हे असतं. गेमने "आणखी खाली" म्हटलं की आधी पट्टा बघा, मग गुडघा वाकवा.

कॅलिब्रेशनच्या वेळी, म्हणजे गेम सुरुवातीला तुमची स्थिर स्थिती मापून घेतो तेव्हा, रिंग हलक्या हाताने धरा, दाबू नका, आणि पुतळ्यासारखं स्थिर उभं राहा. बोलत, हसत, कुणाला हाक मारत केलेलं कॅलिब्रेशन पुढचा अख्खा वेळ छळतं.

बॅलन्स बोर्ड चालू होताना त्यावर पाय नको. गेम सांगेल तेव्हाच चढा. मर्यादा साधारण १५० किलोची आहे, म्हणून मुलाला कडेवर घेऊन चढण्याची गंमत नको.

## टप्पा ७ : सेटिंग

वय आणि वजन खरं सांगा. रिंग फिट त्यावरून जोर ठरवतो. तो १ ते ३० च्या मापात असतो आणि नंतर कमी करता येतो. खांदा, कंबर, गुडघा यांचा त्रास असेल तर त्या भागावरचा भार कमी करणारी सोय सेटिंगमध्ये आहे, ती चालू करा. माडीवर लाकडी जमीन असेल किंवा खाली म्हातारं माणूस झोपलेलं असेल तर सायलेंट मोड लावा, त्यात जागच्या धावण्याऐवजी हलक्या बैठका येतात. गुडघा दुखरा असेल तर मात्र त्या बैठकाही जपून.

साहसाच्या खेळात योगाची आसनं हिरव्या रंगात येतात आणि पुढे गेल्यावर हिरव्या राक्षसावर त्यांचा वार जास्त बसतो. गंमत आहे, पण यात आसन हे हत्यार होतं आणि हत्यार जोरात चालवायची सवय लागते. आसन धरून ठेवण्याऐवजी तुम्ही खाली-वर करत सुटता. मोठ्यांनी कस्टम मोडमध्ये आपली पाच-सहा आसनं निवडून यादी करावी. राक्षस मुलांना सोडा.

## टप्पा ८ : आता टीव्ही लावा

१. चालत चालत अंग सैल करा, खांदे-घोटे फिरवा. गेममधला सुरुवातीचा स्ट्रेच वगळू नका, पण तेवढ्यावर भागवूही नका.

२. आवाज मोठा ठेवा, नजर समोर. बोलणं समजत नसेल तरी कधी सुरू, कधी संपलं याचे सूर दोन-तीन दिवसांत कानात बसतात. पडद्याकडे फक्त आसन बदलताना बघायचं.

३. उभी आसनं आधी, तोलाची मग, जमिनीवरची शेवटी. गेमचा क्रम वेगळा असला तरी तुमची यादी अशीच लावा.

४. पडद्यावरचा माणूस आरशासारखा उभा आहे की तुमच्यासारखा, हे पहिल्याच आसनात ठरवा. नाहीतर एकच बाजू दोनदा होते.

५. पहिले दोन आठवडे वीस मिनिटं पुरे. गेम थांबायचं का असं विचारतो तेव्हा "हो" म्हणायला लाज वाटून घेऊ नका.

६. दोघांनी एका मॅटवर करू नका. चढाओढ लागली की आसन मोडतं. दीर-भावजय, बाप-लेक, कुणाचाही अनुभव घ्या.

इशारा: स्नायू ताणल्याचं दुखणं चालतं. सांध्यात टोचणारं, मुंग्या आणणारं, पायात वीज गेल्यासारखं दुखलं की तिथल्या तिथे थांबा. चक्कर आली, छातीत दडपण आलं तर बसा आणि घरच्यांना हाक मारा.

तपासा: आठवड्यातून एकदा बाजूचा व्हिडिओ पुन्हा काढा. गुण वाढलेले असतात आणि गुडघा मात्र आत गेलेला असतो, असं खूपदा दिसतं. तसं झालं तर टप्पा ५ वर परत.

## टप्पा ९ : शवासन आणि आवरणं

शेवटी टीव्ही बंद करा आणि पाच मिनिटं शवासन. गेममध्ये गुणांचा तक्ता येतो, संगीत वाजतं आणि लोक तसेच उठून चहा टाकायला जातात. तक्ता नंतर बघा.

मग आवराआवर, कारण खाऱ्या दमट हवेत ही यंत्रं लवकर कुरकुरतात. रिंगच्या मुठी आणि मांडीचा पट्टा घामाने भिजतात. कोरड्या फडक्याने पुसून पट्टा मोकळ्या हवेत वाळू द्या, घडी करून डब्यात कोंबलात तर पावसाळ्यात बुरशी येते. मॅट दोन्ही बाजूंनी पुसून दोरीवर टाका, पण थेट उन्हात नको, भेगा पडतात. बॅलन्स बोर्डमध्ये चार पेन्सिल सेल असतात. आठवडाभर वापर नसेल तर ते काढून ठेवा, नाहीतर गळून आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात. कन्सोल भिंतीला चिकटवून ठेवू नका, जांभ्याची भिंत ओल धरते. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, आणि डब्याला मुंग्या लागू नयेत म्हणून मुलांचे बिस्किटाचे हात लागलेले जॉय-कॉन आधी पुसून घ्या.